मावळतीनंतरचं केळं

आमच्या घरात भिंतीवर घड्याळ होतं, पण त्याला कुणी विचारत नव्हतं. जेवायची वेळ सूर्य ठरवायचा आणि सूर्याच्या वतीनं अक्का. अक्का म्हणजे माझी आई. जयसिंगपूरपासून तीन मैलांवर आमचं गाव, शिवारात ऊस, गोठ्यात चार म्हशी, आणि आम्ही पिढ्यान्‌पिढ्यांचे जैन शेतकरी. दिवस कलला की तिची हाक तीन गल्ल्या ओलांडून यायची, "बाबगोंडाऽऽ, ताटं वाढल्यात, दिवस चालला की रं!" गावातली बाकीची पोरं कंदील लागेपर्यंत खेळायची आणि मी ऐन रंगातून उठायचो. खोटं कशाला सांगू, माझ्यावर राज्य आलं असलं की मी त्या हाकेची वाटच बघायचो. घरात शिरलो की एका बाजूला भाकरी थापल्याचा आवाज आणि दुसऱ्या बाजूला म्हशीच्या धारेचा. जोंधळ्याची गरम भाकरी, वांग्याचं कालवण, शेंगदाण्याची चटणी आणि सुरी लावली तर वडी पडेल असं दही. शेवटचा घास गिळून पाणी पिईपर्यंत अक्का दारात उभी राहून पश्चिमेकडं बघत असायची. एकदा का तिनं "झालं" म्हटलं की मग सकाळपर्यंत तोंडाला कुलूप.

अशा घरातल्या पोराला सैन्यात जायचं खूळ कुठून लागलं, हे मला आज साठी उलटल्यावरही नीट सांगता येत नाही. शेजारच्या गावातला एक जवान सुट्टीवर आला होता, त्याचे बूट फार चकचकीत होते, एवढं आठवतं. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हे सांगितलं तेव्हा ते उसाला औषध फवारायचा पंप पाठीवर चढवत होते. "आपल्यातलं कोण गेलंय का कधी बंदूक घेऊन?" ते म्हणाले. "आपण मुंगी चुकवून चालणारी माणसं." आणि तसेच उसात शिरून त्यांनी दुपारपर्यंत लाखभर किड्यांचा निकाल लावला. मी हे त्यांना बोलून दाखवलं नाही, कारण अण्णांची अहिंसा पोरांच्या बाबतीत जरा सैल होती. गावातही तेच. पारावर कुणी ना कुणी विचारायचंच, "काय सावकार, पलटणीत जाऊन दुकान टाकणार काय?" आमच्या सात पिढ्यांत कुणी दुकान टाकलेलं नव्हतं. पण जैन म्हटलं की लोकांना तराजूच दिसतो.

तरी मी हट्टानं अण्णांकडून होकार काढला. कोल्हापुरात आमच्या समाजाच्या बोर्डिंगात राहायचं, कसबा बावड्याच्या मैदानावर भरतीची तयारी करायची आणि हिवाळ्यातल्या भरतीत उभं राहायचं, असं ठरलं. आणि जायच्या आदल्या आठवड्यात मी तो गाढवपणा केला. चातुर्मासासाठी गावात मुनी महाराज आले होते. प्रवचन संपलं की ते तरुण पोरांना पुढं बोलावून म्हणायचे, "कोण काय नियम घेतो?" माझ्या बरोबरीचा भरमू उठला आणि म्हणाला, सहा महिने रात्रीचं खाणं बंद. बस्तीतल्या, म्हणजे आमच्या जैन मंदिरातल्या, बायका कौतुकानं त्याच्याकडं बघायला लागल्या. भरमूनं सहा महिने म्हटल्यावर मी काय गप्प बसणार? हात वर केला आणि म्हणालो, "मी वर्षभर. अन्न-पाणी दोन्ही बंद." महाराजांनी आशीर्वाद दिला, अक्काच्या डोळ्याला पदर लागला आणि मी छाती काढून घरी आलो. सैन्याची आठवण मला तिसऱ्या दिवशी बोर्डिंगची पेटी भरताना झाली. पण चारशे माणसांसमोर घेतलेला नियम परत कसा करणार?

बावड्याच्या मैदानावर उस्ताद होते. पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, आडनाव मुल्ला, पण त्या नावानं त्यांना पोस्टमनशिवाय कुणी हाक मारत नसे. उंच, वाळलेले, मिशा पांढऱ्या आणि आवाज असा की साखर कारखान्याचा भोंगा झाला तरी त्यांचं "पळ की रं, भाड्या!" ऐकू यायचं. फी म्हणून ते काही घेत नसत. कुणी शेंगा आणून द्यायचं, कुणी गुळाची ढेप. पावसाळ्यात मैदानाचा चिखल व्हायचा, कारखान्याच्या मळीचा वास नाकात बसायचा आणि उस्ताद छत्री न घेता मधोमध उभे. संध्याकाळची पळापळ सातला संपायची. बोर्डिंगातलं जेवण सहाला आटोपायचं. म्हणजे माझं रोजचं जेवण दुपारी बाराला, आणि मग थेट दुसरा दिवस. आठव्या दिवशी मी मैदानावरच आडवा झालो.

उस्तादांनी तोंडावर पाणी मारलं. दुसऱ्या पोरानं तांब्या पुढं केला तर मी मान हलवली. दिवस मावळला होता. मग सगळं सांगावं लागलं. मला वाटलं, आता हे हाकलून देणार. ते कमरेवर हात ठेवून माझ्याकडं बघत राहिले आणि एकदम हसत सुटले. "वर्षभर? आनि भरतीला आलाईस? आरं, तुला कुणी शिक्षा दिली हुती काय?" मी म्हणालो, "न्हाय उस्ताद. भरमूनं सहा महिने घेतले म्हणून." त्यावर ते आणखी हसले. मग म्हणाले, "उद्यापासनं साडेसहाला मैदान सोडायचं आनि माझ्या घरी जेवायचं. घर त्ये काय, समोर हाय. कुणी इचारलं तर मला सांग."

हे अक्काला पत्रानं कळवलं तर चौथ्या दिवशी अक्काच एस.टी.नं हजर. डोक्यावर बोचकं, बोचक्यात नवा तवा, पातेलं, ताट, वाटी आणि तांब्या, आणि प्रत्येकावर जयसिंगपूरच्या भांडेवाल्याकडून कोरून घेतलेलं 'चि. बाबगोंडा'. लग्नात देतात तसं. उस्तादांच्या बायकोला सगळं मैदान चाची म्हणायचं. त्या दारात उभ्या, अक्का पायरीवर. मी दोघींच्या मध्ये, धरणी दुभंगली तर बरं अशा अवस्थेत. अक्का थेट म्हणाली, "हे बघा बाई, राग मानू नका. तुमच्यात चालतं ते आमच्यात चालत न्हाय. ह्या भांड्यात दुसरं काय शिजवायचं न्हाय." चाचींनी ताट हातात घेऊन उलटंपालटं करून पाहिलं. "राग कशाला? माझी सासू माझ्या म्हायेरच्या भांड्याला हात लावत न्हवती, आनि आम्ही एकाच जातीचे. पण बाई, एवढंसं ताट? ह्या पोराचं जेवान त्यात मावंल तरी काय?" तिथून जो विषय निघाला तो माझ्या लहानपणापासून न खाण्याचा, आणि पोरं आयांचं कसं ऐकत नाहीत याचा. तासाभरानं मी बघतो तर अक्का त्यांच्या चुलीसमोर बसून शेंगदाण्याची चटणी कुठपर्यंत कुटायची ते दाखवत होती. पाणी मात्र तिनं स्वतःच्या तांब्यातलंच प्यायलं. त्या दोघी पुढं मरेपर्यंत एकमेकींना चटण्या पाठवत राहिल्या.

मग रमजान लागला, आणि आमच्या दोघांचं जे काही झालं ते बघायला शेजारची माणसं यायची. उस्ताद दिवसभर उपाशी, सूर्य मावळायची वाट बघणारे. मी सूर्य मावळायच्या आत खाणारा. एकाच चटईवर आम्ही समोरासमोर बसायचो. मी भाकरीचे घास कोंबतोय आणि उस्ताद समोर खजूर ठेवून माझ्याकडं बघतायत. त्या पावसाळी आभाळातून सूर्य दिसायची सोय नव्हती, तेव्हा दोघांचं घड्याळ एकच, मशिदीची अजान. ती झाली की मी ताट सरकवायचो आणि ते खजूर उचलायचे. "मी सकाळपास्नं सूर्याला जा बाबा, जा बाबा म्हणतोय," ते चाचींना म्हणायचे, "आनि ह्ये बेणं त्येला शेपटीला धरून ठेवतंय!" आता माझ्या नातीच्या फोनवर सूर्यास्ताची वेळ मिनिटासकट दिसते. मला त्यात काही गंमत वाटत नाही.

थंडीत भरती आली. हजारो पोरं, मैदानाला दोरखंड बांधलेले, पहाटेपासून रांगा. पळण्यात मी चौथा आलो. दोरी, खड्डा, उंची, छाती, सगळं झालं. राहिलं वजन. पन्नास किलो पाहिजे आणि मी म्हणजे काटक्यांची मोळी. त्यावर पोरांकडं एक जुना इलाज होता, आणि अजूनही आहे. काट्यावर चढायच्या आधी डझनभर केळी खायची आणि वर पोटाला तडस लागेपर्यंत पाणी प्यायचं. मीही दुपारी आठ केळी खाऊन तयार बसलो होतो. पण रांग सरकेना. माझा नंबर आला तेव्हा दिवस मावळून गेला होता आणि माझी केळी केव्हाच जिरून गेली होती.

काट्यापाशी साताऱ्याकडचे एक सुभेदार होते. माणूस वाईट नव्हता, हे मी आज मुद्दाम लिहून ठेवतो. "साडेएकोणपन्नास," ते म्हणाले, आणि पळण्यातला माझा नंबर बघून हळूच पुढं म्हणाले, "जा, धा मिनटं देतो. केळी खा, पाणी पी आनि ये." अशी सवलत ते प्रत्येकाला देत नव्हते. मी तिथंच उभा. "काय झालं?" "साहेब, दिवस मावळला. मी आता खात न्हाय. जैन हाय." सुभेदारांनी आधी माझ्याकडं पाहिलं, मग शेजारच्या लेखनिकाकडं, आणि दोघंही हसले. "आरं मग हितं कशाला आलास? दुकान टाकायचं! उद्या चौकीवर काय सूर्य बघून जेवनार हाईस?" रांगेतली पोरंही हसली. मी रांगेतून बाहेर आलो तेव्हा दोरखंडापलीकडं उस्ताद उभे होते. त्यांना सांगितलं. त्यांनी मिशा पुसल्या, कोटाची बटणं लावली, छातीवरची पदकं सरळ केली. "हितंच थांब," म्हणाले, आणि ओळखपत्र दाखवून भरतीवरच्या मेजर साहेबांच्या तंबूत शिरले.

आता जे सांगतो ते मी अक्काला सांगितलं नाही, अण्णांना नाही, बायकोलाही नाही. मी तिथं थांबलो नाही. तंबूच्या मागं गेलो, आत काय चाललंय ते ऐकू यावं म्हणून. तिथं रांगेतला एक पोरगा शेवटची केळी संपवत होता. त्यानं एक माझ्यापुढं धरलं. "खा रं, कोण बघतंय?" खरंच कुणी बघत नव्हतं. महाराज नाहीत, अक्का नाही, भरमू नाही. गावात परत जाऊन पारावरून जायचं, "काय सावकार, झालं का दुकान?" हे ऐकायचं, अण्णांच्या पाठीवरचा पंप आपल्या पाठीवर घ्यायचा, हे सगळं डोळ्यापुढं आलं आणि मी ते केळं सोललं.

पहिला घास घेतला आणि कापडापलीकडून उस्तादांचा आवाज आला. ते साहेबांशी हिंदीत बोलत होते, मी आपल्या भाषेत सांगतो. "साहेब, मी रंगरूट होतो तेव्हाची गोष्ट. रोजा होता. परेड झाल्यावर आम्हाला शिकवणाऱ्या एका उस्तादानं चहाचा मग पुढं केला आणि म्हणाला, पी, हुकूम आहे. मी प्यालो. चोवीस वर्षं नोकरी केली साहेब, दोन लढाया बघितल्या, पण मला आजही त्या चहाचीच लाज वाटते. माझ्यासाठी बोलायला त्या वेळी कुणी नव्हतं." साहेब म्हणाले, "पण चौकीवर जेवण रात्री पोचलं तर हा काय करणार?" "उपाशी राहील. गेले सहा महिने राहतोय आणि चौथा आलाय. उपाशी राहून पळणारा जवान पलटणीला नको असेल तर सांगा." आत कुणीतरी हसलं. उस्ताद हसले नाहीत. "पुढं मला पलटणीचे एक सीओ साहेब भेटले. त्यांनी लंगरच्या स्वयंपाक्याला सांगितलं, मुल्लाचं ताट झाकून ठेवत जा. एवढंच. एक ताट झाकायला काय लागतं? पण त्या दिवसापासून ती पलटण माझी झाली. ह्या पोराच्या जातीतलं कुणी येत नाही म्हणून तुमचे सुभेदार हसले. असं दारातच हसल्यावर कोण येईल, साहेब? पन्नास किलोचा नियम आहे, तो पन्नासच राहू द्या. फक्त वजन दिवसाउजेडी घ्या."

माझ्या तोंडात अर्धं केळं. गिळवत नव्हतं आणि थुंकवतही नव्हतं. शेवटी साहेब म्हणाले, "उद्या सकाळी आठ वाजता. पहिला नंबर. पन्नासला जरा जरी कमी भरला तर तुम्ही दोघं घरी." मी तोंडातलं गिळलं, उरलेलं त्या पोराच्या हातात कोंबलं, साल चड्डीच्या खिशात घातली आणि धावत जागेवर आलो. उस्ताद बाहेर आले ते आल्याआल्या माझ्या पाठीत एक धपाटा घालत. "काम झालं, बाबू! नेम ऱ्हायला तुझा!" मी मान खाली घातली. त्यांना वाटलं, पोरगं भारावलंय.

त्या दिवशी मुक्कामाला त्यांच्याच घरी होतो. चाचींनी मळकी चड्डी मागून घेतली, धुऊन दोरीवर वाळत घातली, आणि सालीची आठवण मला झाली तेव्हा खिसा रिकामा होता. वाटेत पडली असेल म्हणून मी सुटकेचा निःश्वास टाकला. सकाळी ऊन कौलांवर आलं तसं चाचींनी 'चि. बाबगोंडा'च्या ताटात केळ्यांचा घड ठेवला आणि तांब्या भरभरून पाणी पाजलं. उस्ताद शेजारी बसून मोजत होते. काट्यावर चढलो तेव्हा पोटातलं पाणी हिंदकळलेलं मला ऐकू येत होतं. पन्नास किलो शंभर ग्रॅम. सुभेदारांनी दोनदा पाहिलं आणि म्हणाले, "जा सावकार, लागलास कामाला." यावेळी मीही हसलो.

त्या एका घासाचं मला एवढं लागलं की वर्ष संपलं तरी मी नियम सोडला नाही. दुसरं वर्षही गेलं. मग सवयच झाली. चोवीस वर्षं मी दिवस मावळल्यावर खाल्लं नाही. लंगरचा स्वयंपाकी पहिल्यांदा वैतागला, मग "पंडितजी, तुमचा सूर्य आज जरा घाईत आहे" असं म्हणत साडेपाचलाच माझं ताट वाढायला लागला. अंड्याच्या बदली मला दूध मिळायचं आणि माझ्या दुधावर आख्ख्या बरॅकचा डोळा असायचा. पुढं मी सुभेदार झालो तेव्हा रमजानात ताटं झाकून ठेवायचं काम मी लंगरवर सोपवलं नाही, स्वतः जाऊन बघायचो. भरतीच्या काट्यापाशीही दोनदा उभा राहिलो. हसायचं मात्र टाळलं.

निवृत्त होऊन आलो तेव्हा उस्ताद खाटेवर होते. चाची वर्षभरापूर्वी गेल्या होत्या. माझं ते ताट अजून फडताळात वेगळं ठेवलेलं होतं. सुनेनं त्यात पोहे आणून दिले. खिडकीतून ऊन तिरकं होत चाललेलं. सवयीनं मी बाहेर बघितलं तसे उस्ताद म्हणाले, "खा, खा. अजून धा मिनटं हायेत." मी खायला लागलो. त्यांनी जरा वेळ जाऊ दिला आणि विचारलं, "बाबू, त्या दिवशीचं केळं गोड हुतं काय रं?"

माझा हात ताटातच राहिला. "कुणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगायला कशाला पायजे? तुझ्या चाचीनं खिशातनं साल काढून माझ्या हातावर ठेवली की त्याच दिवशी. येडी हसत हुती नुसती."

"मग सकाळी नेलंत कशाला मला? मी तर तुम्हाला तोंडघशी पाडलं होतं."

"आरं, मी काय तुझा म्हाराज हाय काय, तू पाळतोस का न्हाय ते बघाय? पाळायचं म्हणलं तर पाळता यावं, एवढ्यापायी मी भांडलो. माझा रोजा हुकमानं मोडला हुता. तुझा तू मोडलास. त्यात सैन्याचा काय दोष?"

मग मी त्यांना सगळं सांगितलं, त्या एका घासापायी एका वर्षाचा नियम चोवीस वर्षं कसा ओढला ते. उस्ताद उशीवरून मान उचलून माझ्याकडं बघत राहिले.

"चोवीस वर्सं? एका केळ्यापायी?"

"व्हय."

"आनि मला एका शब्दानं बोलला न्हाईस? मी त्याच दिशी माफ केलं असतं की, येड्या!" ते हसायला लागले, खोकला आला, सून पाणी घेऊन धावली, तरी त्यांचं हसू थांबेना. डोळे पुसत म्हणाले, "बरं ते जाऊ दे. गोड हुतं का, ते सांग."

"कच्चं हुतं, उस्ताद," मी म्हणालो. "तुरट लागलं."